लिस्बनमधली दिवाळी, पाच दिवस आणि आजीचा एक प्रश्न

पोर्तुगालमधल्या कुइंब्राला वर्षभर पोर्तुगीज शिकायला निघाले तेव्हा आजीने एकच काम सांगितलं होतं. लोणच्याची बरणी चार पिशव्यांत गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "लिस्बनला गेलीस की काशियशचा किल्ला बघून ये. थंयसावन दर्या दिसता काय, तितलें माका सांग."

काशियश म्हणजे लिस्बनजवळचा तो किल्ला, जिथे मोहन रानडे कैदेत होते. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात मराठी मास्तर म्हणून आला आणि आझाद गोमंतक दलात गेला. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन तो पकडला गेला. शिक्षा झाली २६ वर्षांची. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पण रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. आमचं घर फोंडा तालुक्यात आहे आणि रानडे मास्तरांचं नाव मी आजीच्या तोंडून कळायला लागल्यापासून ऐकत आलेय. किल्ला कसा होता, खोली केवढी होती, हे तिने कधी विचारलं नाही. तिला हवा होता तो दर्या.

लिस्बनला जायचा मुहूर्त लागला २०२४ च्या दिवाळीत. सोबत होती माझ्याच घरात राहणारी सावंतवाडीची मैत्रीण.

पहिला दिवस, नरक चतुर्दशी

पहाटे चारला उठून कुइंब्रातच अभ्यंगस्नान केलं. त्याच वेळी फोंड्यात सकाळचे साडेनऊ वाजले होते, नरकासुर कधीच जळून गेला होता आणि आई व्हिडिओवर फोवांची, म्हणजे पोह्यांची, ताटं दाखवत होती. कारीट कुठून मिळणार? मैत्रिणीने आदल्या दिवशी बाजारातून हिरवी ऑलिव्ह आणली होती. न्हाणीघराच्या उंबऱ्यात एकेक ठेवून आम्ही अंगठ्याने चिरडलं आणि हळू आवाजात "गोविंदा" म्हटलं. ऑलिव्हही कडूच असतं. जिभेला लावून पाहिलं आणि घरच्यासारखंच वाटलं.

रेल्वेचा प्रवास पावणेदोन तासांचा. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिकीट मात्र आधी काढा, बराच फरक पडतो.

सामान टाकून आम्ही थेट मार्तिं मोनिझला गेलो. या चौकाच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत बांगलादेशी, भारतीय, नेपाळी माणसांची दुकानं आहेत. कढीपत्ता, तांदळाचं पीठ, गूळ, नारळाचं दूध आणि जाडे पोहे, सगळं मिळालं. दुकानदार सिल्हेटचा होता. पोहे कशाला हवेत म्हणून त्याने विचारलं. "आज आमच्याकडे सण आहे," असं सांगितल्यावर त्याने पाकिटावर मूठभर वेलची ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात आम्ही रोसातले फोव केले. नारळाच्या दुधात गूळ विरघळला, वेलचीचा वास सुटला आणि शेजारच्या शेगडीवर पास्ता शिजवणारी एक पोलिश मुलगी वाटी घेऊनच आली.

जेवणानंतर आल्फामा, लिस्बनचा जुना भाग. चढ, पायऱ्या, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं एवढ्या गल्ल्या. दोऱ्यांवर कपडे वाळत होते. कुठल्याशा घरातून मासे तळल्याचा वास आला आणि दोघीही न बोलता क्षणभर थांबलो.

दुसरा दिवस, एक नोव्हेंबर

ही तारीख आम्ही ठरवून निवडली होती. १७५५ साली याच दिवशी, सर्व संतांच्या सणाला, सकाळी चर्चं माणसांनी भरलेली असताना लिस्बनमध्ये भूकंप झाला. वेदीवरच्या मेणबत्त्या आडव्या झाल्या, आगी लागल्या. जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले, तर थोड्याच वेळात समुद्र चालून आला. आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली.

कार्मोच्या मठात हे सगळं अजून उभं आहे. छत पडलं ते पुन्हा बांधलं नाही, नुसत्या कमानी उभ्या आहेत. आम्ही आत शिरलो तेव्हा भुरभुर पाऊस लागला होता आणि तो सरळ चर्चच्या मधोमध पडत होता. ओला दगड, वर राखाडी आभाळ आणि कमानींच्या फासळ्या. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा ज्यांनी पावसात पाहिलाय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. मागच्या भागात एक छोटं संग्रहालयही आहे, पण माझा सगळा वेळ त्या उघड्या छपराखालीच गेला.

मठाबाहेरचा चौक बघायला विसरू नका. २५ एप्रिल १९७४ ला याच चौकातल्या सैनिकी ठाण्यात हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलो काएतानो शरण आला. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं खोवली ती याच दिवशी. त्या क्रांतीनंतर, त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व कराराने मान्य केलं. शाळेत आम्ही १९ डिसेंबर १९६१ पर्यंतच थांबलो होतो. गोव्याच्या इतिहासातलं एक पान या चौकातही उलटलं गेलंय, हे मला तिथे उभं राहिल्यावर समजलं.

खाली बाइशा म्हणजे भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री पोंबाल याने नव्याने वसवलेला भाग. सरळ रस्ते, एका उंचीच्या इमारती. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा असतो, धरणी हलली की तो लवतो पण मोडत नाही. पोर्तुगीजात त्याला 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजराच.

जोडे चांगले घाला. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या चिऱ्यांचे आहेत आणि पावसात त्यांच्यावर शेवाळल्यासारखा पाय सरकतो. मी रोसिउजवळ पडले, गुडघा सोलवटला.

त्या गुडघ्यामुळेच एक भेट झाली. रुमाल बांधायला आम्ही एका लहानशा खाणावळीत शिरलो. काचेच्या पेटीत 'चामुसा' होते, म्हणजे आपले समोसे. ते इथे कुठल्याही गल्लीत मिळतात. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मैत्रिणीशी चाललेलं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "तूं गोंयची? गोंयांत खंय?"

"फोंडें."

"म्हजें मडगांव."

ती लग्न होऊन मोझांबिकला गेली होती, १९७५ साली तिथून सगळं सोडून लिस्बनला आली. कोकणीत मधूनच पोर्तुगीज यायचं, पण मासळीची नावं एकजात आपली होती. मी तिला तिया, म्हणजे मावशी, म्हटलं आणि तिचा चेहरा उजळला. पदेर, म्हणजे पाववाला, अजून सकाळी सायकलवरून येतो का, तो भोंगा वाजवतो का, पोळी केवढ्याला झाली, शापोरा नदीत तिसऱ्या मिळतात का, असे तिचे प्रश्न संपत नव्हते. सायकलचा भोंगा वाजतो म्हटल्यावर तिने तोंडानेच तो वाजवून दाखवला. निघताना गुडघ्याला लावायला मलमाची डबी दिली आणि कागदात बांधून चार चामुसा. "दिवाळी न्ही गो?" म्हणाली. चाळीसहून जास्त वर्षं गोव्याला न आलेल्या त्या बाईला आमचा सण लक्षात होता.

तिसरा दिवस, पाडवा

बेलें. नदीकाठचा हा भाग सगळेच पाहतात आणि पाहावाच. सकाळी लवकर जा. जेरोनिमुश मठाच्या ओवऱ्यांना तिकीट आहे आणि तिथली रांग लांबलचक असते, पण शेजारच्या चर्चमध्ये वेगळ्या दाराने मोफत जाता येतं. रविवारी सकाळी मिसा, म्हणजे चर्चची प्रार्थना, असते, तेव्हा टाळा. आणखी एक: पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांना वर्षातले ५२ दिवस राष्ट्रीय संग्रहालयं आणि स्मारकं मोफत आहेत. इथे शिकायला आलेल्यांनी राहण्याचा पुरावा जवळ ठेवावा.

चर्चमध्ये शिरलं की एका बाजूला वास्को द गामाची समाधी, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची. गामाच्या समाधीवर जहाज कोरलंय, शिडं फुगलेली. भोवती मोबाइल उंचावलेली शंभर माणसं. मी वेगळ्याच जागी पोचले होते. जुन्या गोव्यात दिवाडीच्या फेरीला जाताना आपण व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो, त्या कमानीवर हाच गामा उभा आहे. त्याच्या पणतूने, तो व्हाइसरॉय असताना, ती बांधली. लहानपणी मावशीकडे दिवाडीला जाताना मी त्याला कितीदा पाहिलंय, पण तो कोण हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्हाला फेरी गाठायची असायची. आता इथे तो आडवा झोपलेला, हात जोडलेले.

बाहेर नदीकाठी ते दगडी गलबतासारखं स्मारक आहे, एकामागोमाग एक दर्यावर्दी चढत चाललेले. १९६० साली ते दगडात उभारलं. पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला. समोर फरशीत जगाचा भलामोठा नकाशा आहे. एक लहान पोर्तुगीज मुलगा भारताच्या किनाऱ्यावर बसून केक खात होता. आम्हीही मग तेच केलं. बेलेंचे ते पाश्तेल १८३७ पासून त्याच पेढीत मिळतात. वरून करपलेले, आतून लुसलुशीत, दालचिनी भुरभुरलेली. गरमच खा.

दुपारी राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालय. ज्या रस्त्यावर ते आहे त्याचं नाव 'जानेलाश वेर्दिश', हिरव्या खिडक्या. जनेल! गोव्यात आजही खिडकीला जनेलच म्हणतात. पाटी वाचूनच घरात शिरल्यासारखं झालं.

इथली बेलेंची सोन्याची पूजापेटी सगळे पाहायला येतात. १५०६ ची आहे. गामा दुसऱ्या सफरीत पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाच्या राजाकडून खंडणीचं सोनं घेऊन आला, त्यातून ती घडवली. काम अप्रतिम आहे, बारा प्रेषित गुडघे टेकून बसलेत, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. त्या सोन्याचा उगम वाचल्यावर मात्र मला जास्त वेळ बघवलं नाही.

मी थांबले ती एका कपाटापाशी. सागवानी, काळ्या शिसवी आणि हस्तिदंताच्या जडावाचं. एकात एक गुंतलेली वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाच्या मध्यभागी हस्तिदंताचा ठिपका, भाताच्या दाण्याएवढा. वीस तरी खण असतील. आणि पाय म्हणजे चार नागकन्या: वर बाईचं धड, हात छातीशी, खाली वेटोळं घातलेली शेपूट. त्यातल्या एकीचं नाक किंचित वाकडं होतं. म्हणजे कुणाचा तरी हात, कुणाची तरी पटाशी, कुठल्या तरी दुपारी जराशी सरकली होती. शेजारी पाटी: गोवा, सतरावं शतक. घडवणाऱ्याचं नाव नाही. आमच्याकडे देवळाच्या खांबावर अशीच नागीण कोरणारे मेस्त मी पाहिलेत. मला वाटतं तो त्यांच्यापैकीच कुणाचा तरी पूर्वज असणार. समाधीवर नाव आहे, सोन्यावर नाव आहे, या कपाटावर नाही. ही उणीव मला बोचली आणि अजून बोचते. अशा वस्तूंसमोर गोव्यातून जाणाऱ्या प्रत्येकाने थांबावं, एवढं मी कळवळून सांगेन.

चौथा दिवस, भाऊबीज

सकाळी भावाला मोबाइलवरच ओवाळलं. हॉस्टेलात निरांजन पेटवायची परवानगी नव्हती, म्हणून खिडकीबाहेर हात काढून.

मग अझुलेजोंचं, म्हणजे चकाकत्या रंगीत फरश्यांचं, संग्रहालय. १५०९ साली स्थापन झालेल्या एका मठात ते आहे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातल्या निळ्या फरश्या आठवतात? कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत त्यांवर. वक्तृत्व स्पर्धेच्या वेळी नंबर येईपर्यंत आम्ही तिथेच बसायचो, पाठ थंड लागायची. त्या फरश्यांचं माहेर हे. वरच्या मजल्यावर जवळजवळ २३ मीटर लांबीचं लिस्बनचं चित्र आहे, भूकंपाच्या आधीचं, साधारण १७०० सालचं. नदीकाठचा राजवाडा, बाजार, होड्या, चर्चं. त्यातलं कितीतरी पन्नास-साठ वर्षांत नाहीसं झालं. परवा कार्मोचं उघडं छप्पर पाहिलेलं, त्यामुळे आम्ही या निळ्या शहरातून बोट न लावता घर-घर शोधत चाललो. तासभर तरी तिथेच होतो.

दुपारी आल्जुब. कॅथेड्रलला लागून आहे, पर्यटक त्याच्यासमोर ट्रामचे फोटो काढतात आणि पुढे जातात. १९२८ ते १९६५ हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, २०१५ साली त्याचं संग्रहालय झालं. आल्जुब हा शब्द अरबीतून आला, त्याच्या मुळाशी आहे विहीर. आणि आपला तुरुंग हा शब्द पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आलाय. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचा खोडाही. मराठीतही खोड आणि खोडा शेजारीच राहतात. पगार, चावी, साबण, बटाटा हे शब्द त्यांच्याकडून आले हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच जहाजातून तुरुंगही आला.

आतल्या एकांतकोठड्या बघताना बोलणं आपोआप थांबतं. माणूस जेमतेम आडवा होईल एवढी जागा. मैत्रीण आत उभी राहिली आणि दहा सेकंदांत बाहेर आली. वर आफ्रिकेतल्या वसाहतींच्या लढ्याचं दालन आहे. भेटवहीत मी मराठीत लिहिलं: त्रिश्ताव द ब्रागांझा कुन्हा, पेनिश. मोहन रानडे, काशियश. खाली आमच्या गावाचं नाव. गोवामुक्तीचे नेते कुन्हा यांना १९४६ साली अटक करून पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं होतं. तिथे आता राष्ट्रीय संग्रहालय झालंय, लिस्बनहून बसने जाता येतं. आम्ही फेब्रुवारीत गेलो, त्याबद्दल वेगळं लिहीन.

बाहेर पडलो तर रस्त्यात भाजलेल्या कास्तान्यांचा, म्हणजे चेस्टनटचा, धूर. एक डझन, कागदाच्या पुडीत. हात गरम झाले.

पाचवा दिवस

सोमवारी लिस्बनमधली बहुतेक संग्रहालयं बंद असतात, बेत आखताना हे लक्षात ठेवा. आम्ही सोमवार मुद्दाम मोकळा ठेवला होता.

काइश दु सोद्रे स्थानकातून काश्काइशची लोकल पकडायची. मेट्रोचं नावेगांत कार्ड पैसे भरून ठेवलं असेल तर तेच चालतं. डावीकडे बसा, खिडकीला नदी लागते, आणि हळूहळू तिची खाडी, मग समुद्र होतो. काशियश स्थानकावर उतरलो आणि समोरच पाणी. लाटांचा आवाज फलाटावर येत होता. उतरल्या उतरल्या मी आजीला फोन लावणार होते, पण थांबले. किल्ला वर आहे.

अर्धा तास चढ चढलो. हा तुरुंग आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. बाहेरून उंच भिंत, कुंपण, पहारा. फोटो काढला नाही. १९७४ च्या क्रांतीनंतर २६-२७ एप्रिलच्या रात्री इथले राजकीय कैदी सुटले आणि बाहेर माणसांचा लोट उसळला होता. रानडे त्याच्या पाच वर्षं आधी बाहेर पडले. तेव्हा गोवा सात वर्षांचा मोकळा होता.

मी भिंतीला पाठ लावल्यासारखी उभी राहिले आणि वळून पाहिलं. खाली घरांची लाल कौलं, झाडं, आणि त्यापलीकडे पाणी. ऊन पडलं होतं, पाणी चकाकत होतं. एक मालवाहू जहाज बाहेर समुद्राकडे चाललं होतं, अगदी सावकाश. पण मी भिंतीच्या बाहेर होते. माझ्या डोळ्यांपेक्षा भिंत कितीतरी उंच होती.

मैत्रिणीने पिशवीतून पाडव्याचा उरलेला बेसनाचा लाडू काढला. रस्त्याकडेच्या दगडावर बसून आम्ही अर्धा अर्धा खाल्ला. मग परत स्थानक, परत लिस्बन, संध्याकाळची कुइंब्राची गाडी.

फोनवर आजीला मी एवढंच सांगितलं की जाऊन आले, बाकीचं घरी आल्यावर. जुलैमध्ये परतले. बाहेर कुळागरावर पाऊस कोसळत होता, आजी सोप्यावर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. मी सगळं सांगितलं. स्थानक, चढ, जहाज, आणि भिंत. रस्त्यावरून दर्या दिसतो, भिंतीपलीकडून दिसत असेल असं मला म्हणवत नाही, हेही.

तिने हातातली आठळी सोलून पुरी केली, ताटलीत टाकली.

"आवाज तरी येतालो आसतलो," ती म्हणाली, आणि दुसरी आठळी घेतली.